कमान का बसली होती

यासीनभाई, तुमच्याबद्दल एक चुकीची गोष्ट लोक बोलताहेत, आणि ती प्रेमाने बोलताहेत. म्हणून ती थांबवणं अवघड आहे.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतीला, मी तुमच्या घरी आले होते. आतल्या खोलीत तुमच्या रेहानाजवळ बसले होते. बाहेर पुरुषमंडळी होती, मार्केट यार्डच्या रस्त्यावरची, तुमच्याच धंद्यातली. पडद्यातून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"हात शेवटपर्यंत सोन्याचा होता. नजर तेवढी गेली होती."

"लपवलं नाही पण कधी. स्वतः सांगायचे, आता माझ्याकडून पोलादाला पाणी बरोबर बसत नाही, साळुंख्यांकडे जा. आपल्यात कोण सांगेल असं?"

रेहाना हळूच म्हणाली, "अब्बांना फार लागलं होतं ते." मी चहाचा कप खाली ठेवला. त्या वेळी बोलायला हवं होतं. वर्गात साठ मुलांसमोर पाऊण तास बोलणारी मी, त्या खोलीत एक वाक्य बोलू शकले नाही. घरी आले आणि त्या रात्री नाही, दुसऱ्या नाही, आज अकराव्या दिवशी लिहायला बसले आहे.

तुमची नजर गेली नव्हती, यासीनभाई. हे तुम्ही हयात असताना दोनच माणसांना माहीत होतं. एक मी, दुसरा माझा नवरा, अविनाश.

*

तुम्हाला आठवतं का, पहिल्या दिवशी तुम्ही गाडीकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मी अविनाशचा हात धरून गाडीतून उतरले आणि तुम्ही म्हणालात, "गाडी पळून जात नाही. तुम्ही आधी बसता कशा ते दाखवा." तुमच्या कारखान्यात, भट्टीपासून जरा लांब, एक लोखंडी स्टूल होतं. त्यावर तुम्ही मला चार वेळा उठवलंत, चार वेळा बसवलंत. माझ्या पाठीचे मणके हळूहळू एकमेकांना चिकटत चालले आहेत, मान वळत नाही, हे मी सांगायच्या आधी तुम्हाला कळलं होतं. तुमच्याकडे घण मारणाऱ्या दत्तोबांना तुम्ही म्हणालात, "धक्का इथं येतो आणि इथं फुटतो," आणि स्वतःच्या कमरेवर आणि मग मानेवर बोट ठेवलंत. माझ्या डॉक्टरांना हेच सांगायला तीन फोटो लागले होते.

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, धक्के टाळा. कसबा पेठेतून वाघोलीच्या कॉलेजात रोज शिकवायला जाणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला ओल टाळ म्हणण्यासारखं होतं. नगर रस्त्यावर किती गतिरोधक आहेत हे महापालिकेलाही ठाऊक नसेल. माझ्या पाठीला ते तोंडपाठ होते. कॉलेजात पोचल्यावर पहिला तास मी खुर्चीला धरून घ्यायची. शेवटी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. शिकवणं सोडलं तर माझ्याकडे दुसरं काय उरतं, याचा मी विचार करायचं टाळत होते.

तेव्हा अविनाशला मार्केट यार्डातल्या एका फळवाल्याने तुमचं नाव सांगितलं. पुरंदरची अंजिरं दिवे घाट उतरून तुमच्या कमानींवर येतात आणि एकाही फळाला डाग लागत नाही, असं तो म्हणाला. अविनाश घरी येऊन म्हणाला, "अंजीर शाबूत पोचतं, तर बायको का पोचणार नाही?" आमच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. त्या काळात त्याने माझ्याबद्दल काढलेला हा सर्वांत कोमल उद्गार होता.

गाडीच्या मागच्या चाकांवरचा सगळा भार एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांवर असतो, त्या रचनेला कमान म्हणतात, हे मला तुमच्याकडे कळलं. कंपनीची कमान तुम्ही काढून टाकलीत. "ही कुणासाठीच बनवलेली नाही," असं म्हणालात. "दहा माणसं बसोत, सिमेंटची पोती टाका, चालते. सगळ्यांसाठी बनवलेला सदरा कुणालाच बसत नाही." आणि मग तुम्ही पाच पातळ पाट्यांची कमान केलीत, एका माणसासाठी. माझ्यासाठी.

ती तपासायची तुमची रीत मी आजवर किती जणांना सांगितली असेल! तुमचे वडील टांग्याच्या कमानी करायचे, त्यांची ही रीत. माणूस जिथे बसणार तिथे कारागिराने बसायचं, तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि अख्खा रस्ता पार करायचा. पाणी घशाखाली गेलं तर कमान कडक आहे. ओठांबाहेर आलं तर फार मऊ. जसंच्या तसं राहिलं तर कमान द्यायची. कसब्यापासून वाघोलीपर्यंत तुम्ही माझ्या जागेवर गाल फुगवून बसलात आणि मी पुढे अविनाशशेजारी. येरवड्याच्या सिग्नलला वाहतूक पोलिसाने काचेतून डोकावून विचारलं, "काय चाचा, दाढ सुजली का?" तुम्ही गंभीरपणे मान हलवलीत. त्याने आम्हाला गर्दीतून वाट काढून दिली. वाघोलीला उतरून तुम्ही पाणी थुंकलंत आणि म्हणालात, "अर्धा घोट गेला. परत."

तीन वेळा परत. चौथ्या वेळी तुम्ही उतरून शांतपणे चूळ टाकलीत आणि मला म्हणालात, "बसा."

मी बसले. त्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी मी कुणाचा हात न धरता उतरले. राजीनामा फाडला. त्यानंतरची नऊ-दहा वर्षं मी जे शिकवलं, ज्या मुलामुलींना शिकवलं, ते सगळं त्या चुळीनंतरचं आहे. हे मी तुम्हाला असं कधी सांगितलं नाही. दर ईदला मिठाईचा डबा घेऊन आले आणि वाटलं, पोचलं असेल.

*

आता जे सांगायचं ते.

कमान देताना तुम्ही एकच अट घातली होती. "गाडीत सामान ठेवू नका. ही सामानाची कमान नाही."

पाच वर्षं मी ती पाळली. मग कॉलेजच्या ग्रंथालयाने जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड रद्दीत काढले. कापडी पुठ्ठ्याचे, पिवळ्या पानांचे, आता कुठेही न मिळणारे. रद्दीवाला तराजू घेऊन दारात उभा होता. मी ते सगळे मागून घेतले. घरी ठेवायला वीतभर जागा नव्हती. सहा खोक्यांत भरून ते गाडीत, माझ्या आसनामागे ठेवले. चार दिवसांसाठी म्हणून.

आणि यासीनभाई, गाडी आणखी सुखाने चालायला लागली. सिमेंटच्या रस्त्याच्या सांध्यांवर जी बारीक कुरकुर पाठीला जाणवायची, तीही बंद झाली. का, ते मला पुढे पुस्तकात कळलं. भार वाढला की कमान सावकाश हलते. तेव्हा मला एवढंच वाटलं की पुस्तकं माझी पाठ सांभाळताहेत. मला ते आवडलंही. खोकी तिथेच राहिली.

सात-आठ महिन्यांनी कमान बसली. पाट्यांचा वाक गेला, गाडी मागे झुकली आणि मोठ्या खड्ड्यात खालून ठोका बसू लागला. तुमच्याकडे यायचं ठरलं तेव्हा मी अविनाशला खोकी उतरवायला लावली. का लावली? दाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी माणूस दात घासतो, तसं. तुम्ही रागवाल म्हणून. बावन्न वर्षांची बाई, रागवतील म्हणून. अविनाश जिन्यावरून खोकी वर नेताना म्हणाला, "तुझ्या उत्सवमूर्ती आत नेतो, मग देवळात जाऊ."

तुम्ही कमान उतरवलीत, पाटे एकेक करून हातात घेतलेत, नखाने टिचकी मारून कानाशी धरलेत. मग मला विचारलंत, "मॅडम, सामान वाहता का?"

"नाही हो. माझी पर्स आणि जेवणाचा डबा."

तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. शिकलेली बाई, प्राध्यापक, खोटं कशाला बोलेल? पुन्हा वाक दिलात, पुन्हा तापवलंत, पुन्हा पाणी दिलंत, म्हणजे तेलात बुडवून पोलादाला कस आणलात. खोकी पुन्हा गाडीत आली. कमान पुन्हा बसली. असं तीन वर्षं. दर वेळी बोलायचं ठरवून मी यायची आणि दर वेळी मागच्या वेळच्या खोट्याने ते आणखी अवघड करून ठेवलेलं असायचं.

पोलाद किती तापलं हे तुम्ही रंगावरून ओळखायचात. पळसाच्या फुलाचा रंग आला की बाहेर काढायचं आणि तेलात बुडवायचं. मग परत थोडं तापवून वाळकी काडी घासायची, ती कशी धुमसते त्यावरून पाणी बसलं की नाही ते कळायचं. पन्नास वर्षं हेच. आणि आता एका गाडीची कमान पुन्हा पुन्हा बसत होती, आणि त्या गाडीत ओझं नव्हतं. मग चूक कुठे असणार? तुम्ही दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवलं नाही. पोलादाला नाही, दत्तोबांच्या घणाला नाही. एक दिवस भट्टीसमोर उभे असताना तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि सहज म्हणालात, "रंग फसवतोय मला."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलात. त्याने नजर उत्तम आहे म्हणून सांगितलं. तुम्ही मला म्हणालात, "पोरगं आहे ते. त्याला पळस कुठं माहीत?"

त्याच सुमाराला तुम्ही एक जाड इंग्रजी माहितीपुस्तक आणलंत, पोलादाच्या व्यापाऱ्याकडून. "वाचून दाखवा, मॅडम. हे लोक आकड्यानं काम करतात. बघू तरी." दोन महिने, दर शनिवारी, यार्ड बंद असतं तेव्हा, मी स्टुलावर बसून वाचायची आणि मराठीत सांगायची. तुम्ही जमिनीवर खडूने आकृत्या काढायचात. एका पानावर कमान बसण्याची कारणं होती. पहिलं, पाणी कमी बसणं. दुसरं, पोलादात दोष. तिसरं होतं, ठरवलेल्या भारापेक्षा जास्त भार दीर्घकाळ राहणं.

मी दोन वाचली.

"दोनच?" तुम्ही विचारलंत.

"दोनच."

विद्यार्थ्याने उताऱ्यातली एक ओळ गाळली तर मी पानभर लाल शाईने भरते. त्या दिवशी मी पान उलटलं. त्यानंतरच्या महिन्यापासून तुम्ही जुन्या गिऱ्हाइकांना साळुंखे मिस्त्रींकडे पाठवायला लागलात.

*

पण मला तुमच्याबद्दल जे खरोखर सांगायचं आहे ते यापुढचं आहे. नजर गेली अशी खात्री झालेला सत्तरीचा कारागीर एक तर दुकान बंद करतो, नाही तर चिडचिडा होतो. तुम्ही नवं शिकायला बसलात.

त्या पुस्तकात दोनच पाट्यांची कमान होती. मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत जाणारे दोन पाटे, मध्ये मोकळी जागा, फक्त टोकांशी एकमेकांवर टेकलेले, आणि तिथे रबराचे तुकडे. तुम्ही ते चित्र माझ्याकडून चार वेळा समजून घेतलंत. मग दत्तोबांना दाखवलंत. तीस वर्षं तुमच्यासाठी घण मारणारा तो माणूस चित्राकडे बघत राहिला.

"पाचाचं काम दोघं करणार?"

"करणार."

"मग बाकीचे तीन काय, पेन्शनीत?"

"दत्ता, घण मार."

"मारतो की. पर हे टिकायचं न्हाय, आधीच सांगून ठेवतो. मागनं म्हनू नका."

मी दत्तोबांच्या बाजूला होते. हे मला आज कबूल करायला हवं. कॉलेजचं तोंड न पाहिलेले तुम्ही नवं मागत होतात, आणि शेकडो पुस्तकं वाचलेली मी म्हणत होते, मला माझी जुनीच बरी. दोन पाटे, त्यातला एक तुटला तर? पाचांत एक तुटला तर चार तरी राहतात. हजारो गाड्या जुन्या पद्धतीवर चालताहेत. तुमच्या वडिलांची रीत, आजोबांची रीत. मी वर्गात बोलते तशी परंपरेवर बोलायला लागले.

तुम्ही विडी विझवलीत. "मॅडम, माझ्या वडिलांनी टांग्याच्या कमानीत पहिल्यांदा रबर घातलं, तेव्हा आजोबा त्यांच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. घोड्याला रबराचा वास आवडत नाही म्हणाले. तुम्ही परंपरा म्हणता ना, ती हीच. त्या वेळी घरात भांडण होतं."

मी वाद सोडला, पण पटलं म्हणून नाही. खरं सांगायचं तर माझा विरोध परंपरेसाठी नव्हताच. जुनी कमान राहिली तर माझी खोकी आणि त्यांच्यामुळे लाभलेलं सुख राहील, एवढंच मला कळत होतं.

मग तुम्ही आमच्या कॉलेजात आलात, नव्या पाट्यांना आकड्यावर पाणी द्यायला. तापमानाचा आकडा दाखवणारी भट्टी तिथल्या प्रयोगशाळेत होती, मी तेवढी परवानगी मिळवून दिली होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलात. तिथल्या तरुण प्राध्यापकाने सहज म्हणून तुम्हाला आकड्याकडे पाठ करून उभं केलं. "चाचा, तुमच्या हिशेबाने तयार झालं की सांगा." तुम्ही भट्टीच्या छोट्या काचेतून बघत राहिलात. बराच वेळ. मग म्हणालात, "आता." त्याने आकडा टिपून घेतला. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. तीनही वेळा पुस्तकात सांगितलेल्या मर्यादेच्या बरोबर मध्यावर. तो पोरगा उठून उभा राहिला होता.

मला वाटलं, सुटले. आता तुम्हालाच कळेल. पण तुम्ही कागद दुमडून खिशात ठेवलात आणि म्हणालात, "कॉलेजात सगळेच पास होतात, मॅडम. कमान बसते ती रस्त्यावर."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

दीड वर्ष लागलं. टोकाकडे सारख्या प्रमाणात पातळ होत जाणारा पाटा घणाने काढणं म्हणजे काय हे मी पाहिलं. सहा जोड्या तुम्ही नापास केल्यात. सातवी बसवलीत त्या दिवशी आपण तिघं निघालो आणि पहिल्याच गतिरोधकानंतर गाडी होडीसारखी हलायला लागली. गतिरोधक मागे गेला तरी तुम्ही आणि अविनाश माना डोलवत होतात, जणू कुणाच्या भाषणाला होकार देताय. माझी मान डोलत नाही, म्हणून मी अख्खी डोलत होते. तुमच्या तोंडातलं पाणी अविनाशच्या कॉलरमध्ये गेलं. तो मागे न वळता म्हणाला, "मिस्त्री, पुढच्या वेळी गरम करून आणा, थंडी आहे." तुम्ही इतके हसलात की गाडी बाजूला घ्यावी लागली. मी तुम्हाला तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या मनात आलं, नजर गेली म्हणणाऱ्या माणसाचं हे हसणं नाही. तुम्ही त्या दीड वर्षात तरुण झाला होतात. तुमच्या दुःखाचं कारण मीच होते, आणि या आनंदाचंही, एका प्रकारे. त्याचं श्रेय मात्र मला घेता येत नाही. माझ्या खोट्यातून तुम्ही एवढं काही उभं केलंत, ते तुमचं आहे.

दहावी जोडी. नवे धक्काशोषक, रबराचा चौथा प्रकार. त्या दिवशी वाघोलीला उतरून तुम्ही चूळ टाकायच्या आधी दोन बोटं वर केलीत. दोन पाटे. मी बसले. मला रस्ता जाणवला नाही, असं म्हणत नाही. रस्ता जाणवला, पण तो माझ्याशी भांडत नव्हता.

पुस्तकांची खोकी मी गाडीतून काढली. गरज उरली नव्हती. आता ती पलंगाखाली आहेत. आणि अर्थातच नवी कमान बसली नाही. वर्षभराने गाडी तपासताना तुम्ही समाधानाने म्हणालात, "बघा, केसभर बसली नाही. आकड्यावर पाणी दिलं म्हणून. डोळ्यावर दिलं असतं तर बसली असती."

मी म्हणाले, "हो ना."

हे आपलं शेवटचं बोलणं नव्हतं. पण मला तेच शेवटचं वाटतं.

*

जियारतीनंतरच्या आठवड्यात मी आधी रेहानाला सांगितलं. तुमच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाली, "अब्बा हसले असते, मॅडम. मला जरा वेळ लागेल." मी म्हणाले, घ्या. तिच्या उत्तराहून योग्य मला काही सुचलं नसतं.

दत्तोबा हसले नाहीत आणि वेळही घेतला नाही. "तीन वर्सं मानूस आरशाम्होरं डोळं ताणून बघत हुता. तुमच्या रद्दीपायी." मी मान खाली घालू शकत नाही, म्हणून त्यांच्याकडे बघत उभी राहिले. मग ते म्हणाले, "मला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय भाई कोन हुता ते. ज्यांना ठावं न्हाय त्यांना सांगा. शनवारी समदे टपरीवर असत्यात."

त्याआधी मी एक केलं. सहाही खोकी यार्डातल्या काट्यावर नेऊन वजन करून घेतली. मला नुसतं पश्चात्तापाचं बोलायचं नव्हतं, आकडा घेऊन बोलायचं होतं. ते मी तुमच्याकडून शिकले. एकशे ब्याण्णव किलो.

शनिवारी तुमच्या कारखान्यासमोरच्या टपरीवर आठ-नऊ जण होते. अविनाशने गाडी कडेला लावली. मी उतरले आणि उभ्यानेच सांगितलं. कमान, खोकी, पर्स आणि डबा, गाळलेलं कारण, सगळं. आवाज वर्गातल्यासारखा निघाला, त्याची मला लाज वाटली, पण दुसरा आवाज माझ्याकडे नाही. शेवटी म्हणाले, "यासीनभाईंची नजर गेली नव्हती. कमान ओझ्याने बसली होती. ओझं मी ठेवलं होतं."

मला वाटलं, आता कुणीतरी चांगलंच सुनावेल, आणि त्याची मी तयारी करून आले होते. साळुंखे मिस्त्रींनी हातातला ग्लास बाकावर ठेवला. ज्यांच्याकडे तुम्ही गिऱ्हाइकं पाठवलीत ते हेच.

"किती म्हणालात?"

"एकशे ब्याण्णव किलो."

"पाच पाट्यांवर? त्या पातळ?"

"हो."

"रोज? वाघोलीपर्यंत?"

"जाऊन येऊन. तीन वर्षं."

"एखादा पाटा तडकला कधी?"

"नाही."

"आठवून सांगा. बारीक चीर तरी?"

"एकही नाही. फक्त बसायची."

साळुंखे मिस्त्री बाकीच्यांकडे वळले. "ऐकलं का? एका बाईमाणसाच्या वजनाची कमान. तिच्यावर एवढं ओझं, नगर रस्ता, तीन वर्षं. आणि नुसती बसली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, माझी असती तर महिन्यात तुटून रस्त्यावर पडली असती. सांगायला लाज नाही मला. पाणी किती नेमकं बसलं असेल त्याला..." पडद्यापलीकडून ज्याचा आवाज मी ऐकला होता, तो माणूस डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसला होता. पलीकडे उभे असलेले दत्तोबा तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले.

मग कुणीतरी विचारलं, "आणि आता गाडीला कुठली आहे? ती दोन पाट्यांची?"

पुढचं तुम्ही बघायला हवं होतंत, यासीनभाई. साळुंखे मिस्त्री स्वच्छ पांढऱ्या लेंग्यानिशी रस्त्यावर झोपले आणि गाडीखाली सरकले. त्यांच्यामागे दुसरे. मग तिसरे. बाहेर नुसत्या चपला दिसत होत्या, आणि खालून भांडण ऐकू यायला लागलं.

"अरे, मध्ये फट आहे नुसती. ही कमान आहे का खेळणं?"

"घडण बघ की आधी. हाताने काढलंय हे सगळं."

"काढलं असेल. पण एक गेला तर? दुसऱ्यावर कशी पेलणार?"

"आणि हे रबर? वर्षात कुजेल."

उत्तर द्यायला तुम्ही नव्हतात. दत्तोबांनी माझ्याकडे पाहिलं. ते देणार नव्हते. त्यांना अजूनही पटलेलं नाही. मला वाकून खाली बघता येत नाही. माझी कमान गाडीला बसवलेली मी स्वतः कधी पाहिलेली नाही. मी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि त्या चपलांना उद्देशून म्हणाले, "रबर कुजतं, बरोबर आहे. ते दर वर्षी बदलायचं. पण पाट्यावर पाटा घासत नाही, म्हणून बारीक धक्का वर येतच नाही. आणि तुटण्याचं म्हणाल, तर पाटा तुटतो तो जिथे ताण साठतो तिथे. हा टोकाकडे पातळ होत गेलाय तो ताण सगळीकडे सारखा वाटला जावा म्हणून. एका जागी साठायला त्याला जागाच ठेवलेली नाही."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" साळुंखे मिस्त्रींचा आवाज आला.

"त्यांनीच. मी भांडायची तेव्हा."

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

"तुम्ही म्हणताय तेच."

कुणीतरी गाडीखाली हसलं. अविनाशने टपरीवाल्याला आणखी चहा सांगितला. "बरं," साळुंखे मिस्त्री म्हणाले, "ती मधली फट. तिचं माप त्यांनी कसं ठरवलं? सावकाश सांगा."

मी सावकाश सांगायला लागले.